बलाढ्य संघासमोर उतरताना ताकद आणायची कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संघ नवा आहे, पोरं अंगाने हलकी आहेत, पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत उतरताय आणि गटात थेट गतविजेत्यांशी गाठ पडली आहे. पोरांनी त्यांच्या सामन्यांचे व्हिडिओ पाहिले आणि सरावातच खांदे पाडले. त्यांच्यात ताकद कशी आणायची, हे तुम्हाला हवं आहे.

मी कबड्डीचा प्रशिक्षक आहे आणि माझी बहुतेक वर्षं अशाच संघांबरोबर गेली आहेत, ज्यांच्याकडे नाव नसतं, वजन नसतं आणि राखीव खेळाडूंची फळीही नसते. म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा आहे, आणि उत्तर जरा लांबणार आहे.

सामन्याच्या आदल्या रात्री केलेल्या भाषणाने ताकद येत नाही. भाषणाचा परिणाम पहिल्या दोन-तीन चढायांपर्यंत टिकतो. समोरच्याने एक डाव्या कोपऱ्यातला आणि एक मधला असे दोन गडी एकदम टिपले की पोरं पुन्हा व्हिडिओत पाहिलेला संघच समोर बघायला लागतात. खेळाडूला बळ येतं ते जिंकायचा एखादा रस्ता खरोखर दिसला की. तो अरुंद असला, खडतर असला तरी चालतो, पण स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा लागतो. मग तोच खेळाडू, तेच वजन, पण मैदानावरचं उभं राहणं बदलतं. तेव्हा तुमचं पहिलं काम पोरांना धीर देण्याचं नाही. आधी तुम्ही स्वतः तो रस्ता शोधायचा आहे.

त्यासाठी फरक नेमका कुठे आहे हे लिहून काढा. ‘ते फार भारी आहेत’ या वाक्याचा उपयोग नाही. कशात भारी आहेत? त्यांचा मुख्य चढाईपटू तुमच्या बचावापेक्षा सरस असेल, पण दुसरा आणि तिसरा चढाईपटू किती सरस आहे? त्यांच्या कोपरारक्षकांची पकड जबरदस्त असेल, पण मधले कव्हर, म्हणजे कोपऱ्यांना साथ देणारे बचावपटू, वेळेवर येतात का? पहिल्या दहा मिनिटांत ते जसे खेळतात तसेच शेवटच्या दहा मिनिटांत खेळतात का? माझा अनुभव असा की असा कागद भरला की दिसणारा फरक आणि असलेला फरक यांत बरंच अंतर निघतं. संघ म्हणून ते दुप्पट वाटतात, पण बहुतेक दुप्पटपणा दोन खेळाडूंच्या अंगात असतो. बाकीचे पाच तुमच्या पाचांपेक्षा थोडेसेच उजवे असतात. ही गोष्ट पोरांसमोर फळ्यावर मांडा. ‘गतविजेते’ या नावाशी खेळायचं नसून अमुक उजव्या चढाईपटूशी आणि तमुक डाव्या कोपऱ्याशी खेळायचं आहे हे कळलं की अर्धी धडकी तिथेच जाते.

आता थोडं गणित सांगतो, कारण माझ्या मते या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. समजा प्रत्येक गुणासाठी तुमची शक्यता ४५ टक्के आहे आणि त्यांची ५५. एकाच गुणाचा सामना असता तर तुम्ही शंभरातले ४५ सामने जिंकला असता. पाच गुणांपैकी तीन मिळवायचे असतील तर शंभरातले साधारण ४१. एकूण ४१ गुणांचा सामना झाला तर साधारण २६. आणि १०१ गुणांचा झाला तर फक्त १६. खेळाडू तेच आहेत, कौशल्य तेच आहे, दर गुणामागचा फरकही तोच आहे. फक्त सामन्यात गुण जितके जास्त होतील तितका तो छोटा फरक साचत जातो आणि बलवान संघ हरायची शक्यता कमी होत जाते. फुटबॉलमध्ये धक्कादायक निकाल बास्केटबॉलपेक्षा जास्त लागतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे. एका गोलावर सामना फिरतो, शंभर बास्केटांवर फिरत नाही.

कबड्डीत गुण स्वतंत्र नसतात हे मला माहीत आहे. एक गडी बाद झाला की पुढचा गुण त्यांना सोपा होतो, आणि सगळा संघ बाद होऊन लोण बसला की वर दोन गुण जातात. म्हणजे आपल्या खेळात फरक साध्या गणितापेक्षाही वेगाने वाढतो. म्हणून कमजोर संघाने वेगवान, खुला, धडाधड गुणांचा सामना कधीही खेळू नये. प्रेक्षकांना तो आवडतो, पोरांनाही आवडतो, आणि तिथेच घात होतो.

सामन्याची गती आपल्या हातात किती असते ते बघा. चाळीस मिनिटांचा सामना आणि चढाईला तीस सेकंद. दोन्ही संघांनी प्रत्येक चढाई पूर्ण वेळ खेळली तर सगळ्या मिळून जेमतेम ८० चढाया होतात. प्रत्येकाने वीस सेकंदांत उरकली तर १२०. समोरच्या संघाच्या चढायांचा वेग तुम्ही ठरवू शकत नाही, पण तुमच्या चढायांचा ठरवू शकता. निदान रेषा (जी न ओलांडता परतलं तर चढाईपटू बाद होतो) ओलांडायची, त्यांच्या कोपऱ्यांना हलवायचं, बोनसची (मागच्या बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणाऱ्या जादा गुणाची) हूल द्यायची, काही मिळालं तर घ्यायचं, नाहीतर अठ्ठाविसाव्या सेकंदाला परत यायचं. रिकाम्या चढाईला लोक नावं ठेवतात. मी तिला मान देतो. नीट खेळलेल्या रिकाम्या चढाईत तुम्ही त्यांच्या मुख्य चढाईपटूला अर्धा मिनिट बाजूला उभं ठेवलेलं असतं.

ज्या स्पर्धांत तिसऱ्या चढाईचा नियम लागू असतो, म्हणजे सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण न मिळवणारा चढाईपटू बाद, तिथे तर हे धोरण अजून नेमकं होतं. तुम्ही त्यांच्या दोन चढाया रिकाम्या घालवल्या की तिसऱ्या चढाईला त्यांचा खेळाडू कितीही मोठा असला तरी त्याला आत यावंच लागतं. एरवी तो केव्हा यायचं, कुणावर यायचं हे स्वतः निवडतो. तिसऱ्या चढाईत ती निवड त्याच्या हातून जाते. तुमच्या बचावाने सगळी तयारी या एका चढाईची करावी: तिसऱ्या चढाईला ते कुणाला पाठवतात, तो कुठल्या बाजूने शिरतो, घाई झाली की हात टाकतो की पाय. प्रत्येक चढाईपटूची एक लाडकी बाजू असते आणि वेळ संपत आली की तो तिकडेच जातो. व्हिडिओ बघायचेच असतील तर पोरांना फक्त त्या चढाया कापून दाखवा. त्यांच्या अव्वल चढाया दाखवू नका. त्यातून शिकायला थोडं मिळतं आणि घाबरायला पुष्कळ.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धा आठवा. भारताच्या पुरुष संघाने १९९० पासून प्रत्येक वेळी सुवर्ण जिंकलं होतं, सलग सात वेळा. त्या वर्षी गटात दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ असं हरवलं आणि उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असं. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने २७-२४ अशी बाजी मारली. आपल्याला त्या निकालांचं दुःख झालं, पण प्रशिक्षक म्हणून आकडे बघा. पुरुषांचा तो उपांत्य सामना दोन्ही बाजूंचे मिळून अवघ्या ४५ गुणांचा झाला. प्रो कबड्डी लीगच्या सामन्यांत साठाच्या पुढे गुण सहज जातात. खुल्या, चढाईच्या खेळात भारताला मागे टाकणं कुणालाही जड होतं. इराणचा जोर पकडीवर होता, आणि सामना कमी गुणांचा, पकडींचा झाला. शिवाय त्यांचे बरेच खेळाडू काही वर्षं भारतातल्या लीगमध्ये खेळत होते, म्हणजे ज्यांना हरवायचं त्यांना रोज जवळून बघत होते. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक तर आपल्याच शैलजा जैन होत्या. आपल्या खेळाचा इतका बारकाईने अभ्यास दुसऱ्या कुणी केला नव्हता.

यानंतरची गोष्ट सांगायला सोपी आणि करायला अवघड आहे: काय सोडून द्यायचं ते आधी ठरवा. बलवान संघ सगळं वाचवू शकतो. कमजोर संघाने सगळं वाचवायला गेलं की काहीच वाचत नाही. माझं ठाम मत आहे की हरणाऱ्या छोट्या संघांपैकी बरेचसे धाडस कमी पडल्यामुळे हरत नाहीत. प्रत्येक गोष्टीवर धाडस उधळल्यामुळे हरतात.

बोनसचं उदाहरण घ्या. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असताना त्यांचा मुख्य चढाईपटू येतो आणि बोनस रेषेकडे पाय टाकतो. तुमचा कोपरारक्षक पोरगा आहे, त्याला वाटतं एकही गुण जाऊ द्यायचा नाही. तो पुढे झेपावतो. चढाईपटूला हेच हवं असतं. तो पाय मागे घेतो, हात टाकतो आणि बोनससकट गडी घेऊन जातो. एक गुण वाचवायला जाऊन दोन गेले, आणि कोपरा रिकामा झाला. तेव्हा पहिली दहा मिनिटं त्याचा बोनस द्या. पोरांना आधीच सांगा की हा गुण आपण देतोय, तो कुणाच्या चुकीने जात नाहीये. याचा मनावर होणारा परिणाम फार मोठा आहे. ठरवून दिलेल्या गुणाने माणूस खचत नाही, हिसकावलेल्या गुणाने खचतो. दहा मिनिटांनी गुणफलकावर ते चार गुणांनी पुढे असतील, पण तुमचे सातच्या सात गडी मैदानात असतील.

मुहम्मद अलीने ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासामध्ये जॉर्ज फोरमनविरुद्ध हेच केलं, फक्त त्याने जे सोडलं ते अंगावर झेललं. फोरमन वयाने सात वर्षांनी लहान, ४० पैकी ४० लढती जिंकलेला, आणि त्यातल्या ३७ प्रतिस्पर्ध्याला खाली पाडून. जो फ्रेझर आणि केन नॉर्टन या दोघांनीही अलीला एकेकदा हरवलं होतं, आणि त्या दोघांनाही फोरमनने दुसऱ्याच फेरीत संपवलं होतं. अली रिंगच्या दोरांना टेकला, कोपर आवळून चेहरा झाकला आणि फोरमनला दंडांवर, बरगड्यांवर मारू दिलं. लढत पंधरा फेऱ्यांची होती. आपल्या लढती दोन फेऱ्यांत संपवायची सवय लागलेला माणूस पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत हात उचलताना जड झाला, आणि आठव्या फेरीत अलीने त्याला पाडलं. लोक अलीच्या धैर्याचं कौतुक करतात ते योग्यच आहे. मला त्यातला हिशेब जास्त मोलाचा वाटतो. फोरमनचा ठोसा त्याच्यापेक्षा जड होता, हे त्याने मान्य केलं होतं. फोरमनचा सहावा ठोसा पहिल्यासारखाच जड असेल, पण सहावी फेरी पहिल्यासारखी नसेल, हेही त्याला दिसलं होतं.

२००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेतल्या ग्रीसने चेंडू सोडून दिला. ओटो रेहागेल यांच्या त्या संघाने जुन्या पद्धतीने माणसाला माणूस बांधला, चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे राहू दिला आणि संधी आली की डोक्याने गोल केला. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्स, उपांत्य फेरीत चेक प्रजासत्ताक, अंतिम फेरीत यजमान पोर्तुगाल. तिन्ही सामने १-० आणि तिन्ही गोल हेडरने, त्यातले शेवटचे दोन कॉर्नरवरून. कंटाळवाणा खेळ म्हणून त्यांच्यावर टीका झाली. मला ती टीका कधीच पटली नाही. ज्याच्याकडे एकच चांगलं हत्यार आहे त्याने तेच पुन्हा पुन्हा वापरलं, यात कमीपणा कसला?

तुमच्या संघाचं ते एक हत्यार कोणतं हे मला इथून सांगता येणार नाही. पण एक हत्यार असं आहे जे कुठल्याही कमजोर कबड्डी संघाला खेळाचे नियमच देतात, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही मागे पडणार आहात, तेव्हा मैदानात तुमचे तीनच गडी उरलेत ही वेळ नक्की येणार आहे. बहुतेक संघ या क्षणी लोणची वाट बघत उभे राहतात. पण तीन किंवा कमी बचावपटू असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, दोन गुणांची. म्हणजे संख्येने सगळ्यात कमजोर असतानाच तुमच्या पकडीची किंमत सगळ्यात जास्त असते. आणि समोरचा चढाईपटू? त्याला लोण दिसत असतो. त्याच्या डोक्यात सामना जवळजवळ संपलेला असतो.

तिघांची रचना अशी लावा: दोन कोपरे खोलात, तिसरा गडी ज्या कोपऱ्यात तुमचा चांगला पकडणारा आहे त्याच्या बाजूला, साधारण दोन पावलं पुढे. दुसरा कोपरा मुद्दाम उघडा दिसू दे. चढाईपटू उघड्या बाजूला एक-दोन हुलकावण्या देतो, तिथला पोरगा फक्त मागे सरतो, हात घालत नाही. जागा संपली, वेळ उतरत चालला की चढाईपटू आडवा येतो, दुसऱ्या कोपऱ्याकडे. तिथल्या कोपरारक्षकाने एक पाय थोडा पुढे ठेवलेला असतो. तो पाय आमिष आहे. चढाईपटू त्यावर हात किंवा पायाचा अंगठा टाकतो आणि परतायला वळतो. इथे सगळं ठरतं. वळताना त्याचं सगळं वजन एका पायावर येतं. त्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी धरायचा, आणि तोही आपली छाती जमिनीच्या जवळ नेऊन. उभं राहून वाकून धरलेला घोटा सुटतो. घोटा धरला गेला की दुसऱ्या गड्याने चढाईपटूच्या अंगावर उडी मारायची नाही. त्याने मध्यरेषेकडचा रस्ता अडवायचा, कमरेच्या उंचीवर. कारण घोटा धरलेला भारी माणूस ताकदीने पुढे पडतो आणि त्याचा हात मध्यरेषेला लागतो. तो पडणार हे गृहीत धरून त्याच्या पडण्याच्या वाटेत शरीर आणायचं. तिसरा गडी सगळ्यात शेवटी येतो आणि हात दाबतो.

साठ किलोचा पोरगा पंच्याऐंशी किलोच्या चढाईपटूला असाच धरू शकतो. छातीला छाती लावून किंवा मध्येच धडक मारून धरू शकत नाही, आणि तसा प्रयत्न करू देऊ नका. त्यात खांदे निखळतात, गुडघे जातात. हलक्या पोरांना जड खेळाडूंवर अंग फेकायला लावणारे प्रशिक्षक मला बघवत नाहीत. ते शौर्य शिकवत नसतात, पोरांची हाडं खर्ची घालत असतात.

आता हे पोरांच्या अंगात कसं उतरवायचं? सराव सात विरुद्ध सात, शून्य-शून्यवरून सुरू करण्याची सवय सोडा. तीन गडी मैदानात आहेत, सहा गुणांनी मागे आहोत, चार मिनिटं उरलीत, इथून सुरू करा. रोज. तुमच्याकडे भारी चढाईपटू नसेल तर शेजारच्या संघातला एखादा वरिष्ठ खेळाडू बोलवा. संध्याकाळचा एक तास बहुतेक जण आनंदाने देतात. पहिल्या काही दिवसांत तो तुमच्या पोरांना झटकून जाईल. मग एखाद्या संध्याकाळी त्याचा घोटा अडकेल. तो दिवस जपा. त्या दिवशी जास्त बोलू नका, फक्त पुन्हा करायला लावा.

कारण आत्मविश्वास पुराव्यावर उभा राहतो. १९८३ च्या विश्वचषकाची गोष्ट आपण लॉर्ड्सपासून सांगतो: २५ जून, भारत सर्वबाद १८३, वेस्ट इंडिज सर्वबाद १४०, मोहिंदर अमरनाथचे १२ धावांत ३ बळी. आधीच्या दोन विश्वचषकांत मिळून भारताने एकच सामना जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. त्यामुळे ते यश आभाळातून पडल्यासारखं वाटतं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये, गयानातल्या बर्बिसला, भारताने वेस्ट इंडिजला त्यांच्याच मैदानावर २७ धावांनी हरवलं होतं. गावसकरांनी ९० केल्या, कपिल देवने ३८ चेंडूंत ७२. जूनमध्ये विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात, ओल्ड ट्रॅफर्डला, पुन्हा ३४ धावांनी हरवलं. मधे ओव्हलवर ६६ धावांनी मारही खाल्ला. अंतिम सामन्यात उतरलेल्या त्या अकरा जणांसाठी ‘यांना हरवता येतं का’ हा प्रश्न उरलाच नव्हता. उत्तर त्यांना दोनदा मिळालं होतं. तुमच्या पोरांना अजून तसं बर्बिस मिळालेलं नाही. सरावात घोटा अडकलेली ती संध्याकाळ म्हणजे त्याची सुरुवात.

बलवानांची एक अडचण फार लोकांच्या लक्षात येत नाही: त्यांना मागे असताना खेळायचा सराव नसतो. १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, लेक प्लॅसिडला, अमेरिकेच्या महाविद्यालयीन पोरांच्या आइस हॉकी संघाने सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं. सोव्हिएत संघ सलग चार ऑलिंपिक सुवर्णं घेऊन आला होता, आणि स्पर्धेच्या काही दिवस आधी न्यूयॉर्कमधल्या सराव सामन्यात त्याने याच अमेरिकनांना १०-३ असं झोपवलं होतं. ऑलिंपिकमधल्या सामन्यातही सोव्हिएतांनी गोलवर ३९ फटके मारले, अमेरिकेने १६. शेवटची दहा मिनिटं उरली असताना अमेरिका एका गोलने पुढे गेली. मागे असलेला संघ शेवटच्या मिनिटात गोलरक्षकाला बाहेर काढून एक जादा आक्रमक उतरवतो, ही त्या खेळातली सर्वसामान्य चाल आहे. सोव्हिएतांनी ती केलीच नाही. जगातला सगळ्यात शिस्तबद्ध संघ होता तो, पण हरत असताना काय करायचं याची वेळ त्याच्यावर क्वचितच आली होती. तुमचे प्रतिस्पर्धीही तसेच असतील. पंधराव्या मिनिटाला ते दोन गुणांनीच पुढे असतील तर त्यांच्या बाकावर बघा. प्रशिक्षक उठून उभा राहिलेला असेल, मुख्य चढाईपटू सलग चढाया मागून घेत असेल, कोपरारक्षक न बोलवता पुढे झेपावत असेल. तुमची रिकामी चढाई त्या वेळी सोन्याची ठरते. त्यांना घाई झालेली असते, तुम्हाला नसते.

इतकं सगळं करून निकाल बदलेल का? फरक किती आहे त्यावर आहे. दर गुणामागे तुमची शक्यता ४५ किंवा ४० टक्के असेल तर वरच्या प्रत्येक गोष्टीने फरक पडेल. ३० टक्केच असेल तर लांबलचक सामन्यात जवळजवळ काहीच शक्यता नाही, कुठल्याही डावपेचाने नाही, आणि हे तुम्ही स्वतःशी मान्य करायला हवं. तरीही अशा सामन्यात काम असतं. गटसाखळीत गुणफरक मोजला जातो, तेव्हा वीसऐवजी आठ गुणांनी हरणं पुढच्या फेरीचं दार उघडं ठेवू शकतं. पोरांना त्या दिवसासाठी तेच लक्ष्य द्या: लोण एकच बसू द्यायचा, अव्वल पकडी दोन करायच्या. ‘हरलात तरी चालेल’ असं मात्र कधी म्हणू नका. पोरं ते बरोबर ऐकतात, आणि त्यातून एकच अर्थ काढतात की सरांनी आपल्याला आधीच सोडलंय.

शेवटी त्या प्रसंगाबद्दल, ज्याची तयारी छोटे संघ जवळजवळ कधीच करत नाहीत: तुम्ही पुढे आहात. तीन मिनिटं उरलीत आणि फलकावर तुमचे तीन गुण जास्त आहेत. आतापर्यंत नीट खेळलेली पोरं इथे अचानक मागच्या रेषेला चिकटतात. चढाईपटू निदान रेषा ओलांडायलाही कचरतो आणि त्यातच बाद होतो. बचाव चढाईपटूला इतकी जागा देतो की तो आरामात बोनस घेऊन जातो. जिंकण्याची भीती हरण्याच्या भीतीपेक्षा जास्त पाय बांधते, कारण तिची सवय नसते.

म्हणून सरावाचा शेवटचा प्रसंग रोज हाच ठेवा: तीन गुणांनी पुढे, तीन मिनिटं बाकी. कोण चढाई करणार हे आधीच ठरलेलं, आळीपाळीने दोघेच. प्रत्येकाने निदान रेषा पहिल्या दहा सेकंदांतच ओलांडायची, म्हणजे ती चिंता संपते, आणि मग अठ्ठाविसाव्या सेकंदापर्यंत त्यांच्या कव्हरला हलवत राहायचं. बचावाची रचना पहिल्या मिनिटाला होती तीच, एक पाऊलही मागे नाही. हातातला एक टाइमआऊट या वेळेसाठी राखून ठेवा. तो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा असतो, तेव्हा त्यात तुम्ही बोलू नका, कर्णधाराला बोलू द्या. त्यानेही एकच गोष्ट सांगायची: पुढची चढाई कोण करणार आणि समोरच्याची तिसरी चढाई आली तर तो कुठल्या कोपऱ्यात येणार.

सामन्याला अजून किती दिवस आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन आठवडे असतील तर पहिला आठवडा पूर्ण तिघांच्या पकडीला द्या, बाकी सगळं दुसऱ्या आठवड्यात बसतं. दोन-तीनच दिवस असतील तर नवीन पकडी शिकवायला घेऊ नका. बोनस सोडायचा, चढाई अठ्ठाविसाव्या सेकंदाला संपवायची आणि तिसऱ्या चढाईची तयारी ठेवायची, एवढ्या तीनच गोष्टी पोरांच्या अंगवळणी पाडा.